पडलेल्या झाडाचं जळण : मशीन नेण्याआधी एवढं वाचा

सप्रेम नमस्कार.

आगोटीच्या दिवसांत आमच्या चेनसॉच्या (साखळीने लाकूड कापणाऱ्या मशीनच्या) दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते असं : "वाडीत एक झाड पडलंय, दोन दिवस मशीन द्या, पावसाआधी जळण करून ठेवतो." गॅस घरोघर आला, तरी न्हाणीतल्या हंड्याखाली आणि मागच्या दारच्या चुलीत लाकूडच लागतं. आयतं पडलेलं झाड कुजू देण्यापेक्षा त्याचं जळण व्हावं, असंच आमचंही मत आहे. मशीन विकत घेणारे, भाड्याने नेणारे आणि दुरुस्तीला आणणारे, सगळ्यांना आम्ही हे पत्रक देतो. भाड्याने नेणाऱ्यांनी मात्र ते इथेच बाकावर बसून वाचावं, ही विनंती.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. उभ्या झाडाला माणूस घाबरतो. पडलेलं झाड मेल्यासारखं दिसतं, म्हणून त्याच्याजवळ बेफिकीर होतो. पण आडव्या झाडात जोर कोंडून राहिलेला असतो, आणि तो कुठल्या बाजूला सुटेल हे कापण्याआधी ओळखावं लागतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मंडणगड-दापोलीपर्यंत आंबे, सुपाऱ्या, माड, सुरू आडवे झाले. त्या पावसाळ्यात आमची माणसं रोज कुठल्या ना कुठल्या वाडीत होती. एका बागेत जुना रायवळ आंबा मुळांसकट उलटला होता. मुळांचा माती धरलेला गड्डा माणसापेक्षा उंच उभा, आणि त्याच्यामागे खोल खड्डा. सावली म्हणून बागेतल्या गड्याने पाण्याची कळशी त्याच खड्ड्यात ठेवलेली. आम्ही बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर खोड कापलं. शेंड्याचा भार सुटला, तसा उरलेला बुंधा गड्ड्यासकट मागे फिरला आणि जिथून उपटला होता तिथे धप्पकन बसला. कळशी नंतर पहारीने उकरून काढली, तेव्हा ती भाकरीसारखी चपटी झाली होती. पाणी प्यायला गडी थोड्याच वेळापूर्वी त्या खड्ड्यात उतरला होता.

तेव्हापासून आमचा नियम आहे : मुळांसकट उलटलेल्या झाडाला बुंध्याजवळ हात लावायच्या आधी खड्ड्याच्या बाजूला कोणी नाही हे स्वतः जाऊन बघायचं. मुलं आणि कुत्री तर नाहीतच. जमलं तर गड्ड्याला ओंडक्यांचा टेकू द्यायचा.

कुठून कापायचं

शेवग्याची किंवा गिरिपुष्पाची ओली काठी गुडघ्यावर वाकवून बघा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. पडलेल्या खोडातही हेच चाललेलं असतं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. अशा वेळी आधी वरून तिसरा हिस्सा कापा आणि मग खालून वर येत काप पुरा करा. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल, तर उलट : आधी खालून थोडं, मग वरून. ध्यानात ठेवायला सोपं म्हणजे दाबाच्या बाजूला आधी आणि थोडं, ताणाच्या बाजूला शेवटी. हे चुकलं की बार, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी, लाकडात चिमटला जातो, नाहीतर खोड फाटून उसळतं. बार अडकला तर हिसके देऊ नका. मशीन बंद करा, कापात लाकडाची पाचर ठोका आणि मग काढा. लोखंडी पाचर साखळीजवळ नको.

मोठ्या खोडाखाली दाबून वाकलेली बारीक रोपटी आणि फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. जखमा बऱ्याचदा त्यांनीच होतात. आधी त्या हेरा. वाकाच्या आतल्या बाजूने साल थोडी थोडी छाटत त्यांचा ताण उतरवा आणि तोंड त्यांच्या रेषेत ठेवू नका.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. साखळी सेकंदाला वीसेक मीटर पळत असते. मागे सरायला वेळ मिळत नाही. म्हणून दोन्ही हात मशीनवर, डावा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला, आणि खांद्याच्या वर मशीन कधीही न्यायचं नाही. पुढचा ब्रेक चालतो की नाही हे रोज सुरू करताना बघा. डोळ्यांना चष्मा, कानाला बंदिस्ती, पायात बूट. लुंगी, उपरणं, ओढणी, सैल बाह्या चालणार नाहीत. एकट्याने काम करू नका. हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या, पण ते मशीनच्या पल्ल्याबाहेर.

विजेच्या तारेवर झाड पडलं असेल तर त्याला कोणीही हात लावू नये. महावितरणचा वायरमन येऊन लाइन बंद केल्याचं तोंडाने सांगेपर्यंत ते झाड म्हणजे तारच समजा. ओलं लाकूड वीज वाहून आणतं.

कोणाचं लाकूड

पडलेलं म्हणजे बेवारस नव्हे. गडग्यापलीकडच्या (दगडी कुंपणापलीकडच्या) आंब्याची फांदी तुमच्या अंगणात पडली तरी आधी शेजाऱ्याला विचारा. रस्त्याकडेचं झाड सार्वजनिक बांधकाम खात्याचं, ग्रामपंचायतीचं किंवा महामार्गाचं असू शकतं. गावाच्या हद्दीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारलं तर ते नीट सांगतात. किनाऱ्यावरच्या सुरूबनातलं लाकूड वनविभागाला विचारल्याशिवाय उचलू नका. तिवरांना, म्हणजे खारफुटीला, हात लावायचाच नाही. देवराईतली तर वाळकी काडीही आमच्या मशीनने कापायची नाही.

स्वतःच्या जमिनीतल्या झाडांनाही नियम आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, मोह, बिबळा अशी आपल्या रोजच्या ओळखीची झाडं आहेत. झाड वादळाने पडलं असलं तरी तोडायला आणि गाडीत भरायला लागण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन अर्ज आणि वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. शहरात राहणाऱ्यांना १९७५ चा वेगळा कायदा लागतो. त्यांनी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे जावं. फेरी पडते खरी, पण टेम्पो नाक्यावर अडकून पडण्यापेक्षा ती बरी.

कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं

जळणाला सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आमच्या भागात सगळ्यात चांगले. ऐन आणि किंजळही उत्तम, त्यांचा निखारा बराच वेळ टिकतो. आंबा लवकर जळून जातो, पण फुकट मिळतो तो बहुतेक आंबाच. बंबाला तो पुरेसा आहे.

माडाचं खोड जळणासाठी कापू नका. बाहेरून कडक, आत काथ्यासारखं, साखळीची धार खातं, त्याचे तंतू गिअरच्या झाकणात भरतात आणि जळणही हलकं मिळतं. माडाच्या झावळ्या, पोया आणि सोडणं चुलीला बास. बिबव्याचं झाड तर ओळखून बाजूला ठेवा. त्याचा चीक अंगावर उडाला की फोड येतात आणि धूरही बाधतो. काजूच्या ओल्या सालीचा चीकही काहींना भोवतो, म्हणून कापताना हातमोजे घाला.

दोन फूट जाडीचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका पाव टनाच्या आसपास भरतो. तो उचलायच्या नादात कंबर जाते. जागेवरच चुलीच्या मापाचे, दीड फुटाचे तुकडे करा आणि ओले असतानाच कुऱ्हाडीने फोडा. वाळल्यावर सुरूसारखं लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही. फोडी जमिनीवर न ठेवता दोन वाशांवर रचा, वरून पत्रा टाका आणि बाजू उघड्या सोडा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी धरते. दोन फोडी एकमेकींवर आपटून टणटण वाजल्या आणि टोकांना चिरा दिसल्या की वाळल्या. बदबद आवाज आला तर अजून ओलावा आहे. मे महिन्यात कापलेलं लाकूड जूनला तयार नसतं, ते पुढच्या वर्षीचं समजा. यंदा जाळायचं ते दिवाळीनंतर कापलेलं हवं.

साखळी आणि पेट्रोल

मशीन बिघडलं म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांची नुसती साखळी बोथट असते. खाली पडणारा भुसा चिमटीत घेऊन बघा. चपट्या, तांदळाएवढ्या ढलप्या असतील तर धार आहे. पिठासारखा पडत असेल तर थांबा आणि कानस मारा. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो, जोर लावला की घसरतो. कानस साखळीच्या मापाचीच हवी. साखळीप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.२ मिमीची लागते, आम्ही ती तपासून देतो. दाताला साधारण ३० अंशांचा कोन, कानस नेहमी एकाच दिशेने पुढे, आणि प्रत्येक दाताला सारखे घाव. दर टाकीला एकदा हे केलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

दात तुटायचं मोठं कारण लोखंड. गडग्याजवळच्या झाडात काटेरी तार आणि रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे लाकडाने गिळलेले असतात. कापताना लाकडात निळसर-काळा डाग दिसला तर तिथेच थांबा, आत लोखंड असण्याचा संभव मोठा. सुरूच्या सालीत वाळू भरलेली असते. कापाच्या जागी साल कोयत्याने तासून घ्या.

चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण लिटरला २० मिली, साध्याचं ४० मिली. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच धरा. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन चिकटतो आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. साखळीच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल घालू नका. त्यातला लोखंडाचा कीस पंप आणि बार दोन्ही खातो आणि त्याचा फवारा तुमच्याच अंगावर उडतो. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं आणि कार्बुरेटरचा पडदा खराब करतं. दोन-तीन आठवडे काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. कालवलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जुनं वापरू नका.

मशीन दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी करून, बारला म्यान घालून आणा. एसटीने येत असाल तर पेट्रोलचा कॅन बरोबर घेऊ नका. साखळी दिली तर त्याच दिवशी संध्याकाळी धार लावून मिळेल. भाड्याच्या मशीनबरोबर चष्मा, हातमोजे, कानस आणि दोन पाचरी आम्ही देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. परत करताना त्या दोन्ही पाचरी आठवणीने आणा.