घरगुती स्वयंपाक आणि बेकिंग

घरातल्या माणसांसाठी, घरातल्याच भांड्यांत, रोजच्या रोज केले जाणारे अन्न म्हणजे घरगुती स्वयंपाक. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत पाव, केक, बिस्किटे भाजणे, म्हणजे बेकिंग, हाही त्याचाच भाग. मात्र त्याची शिस्त वेगळी आहे. खानावळीत पदार्थ ठरलेले असतात आणि खाणारी माणसे बदलतात. घरात माणसे तीच राहतात, त्यामुळे पदार्थ बदलावे लागतात. घरच्या स्वयंपाकातल्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

त्यांतली सर्वांत थकवणारी अडचण चुलीवर नसते. ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न सुटेपर्यंत घरात काय शिल्लक आहे, काय आज संपवले नाही तर नासेल, कोणाला काय चालत नाही आणि हाताशी वेळ किती, एवढा हिशेब मनात झालेला असतो. हात हलत नसल्यामुळे हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, स्वयंपाक धरून घरातल्या बिनपगारी सेवाकामाचे जगभरातले सुमारे तीन चतुर्थांश तास स्त्रिया भरतात.

प्रत्यक्ष शिजवण्यातल्या बऱ्याच फजित्यांचे मूळ पाण्यात सापडते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. आच कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापत नाही. अन्नाला तांबूस रंग आणि खमंग वास देणारी क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. कढईत भाजी एकदम भरली की सुटलेले पाणी उडून जायला वाव राहत नाही, आणि परतायला घेतलेली भाजी उकडून निघते. थोडी थोडी परतणे हाच त्यावर उपाय. कांद्याचेही तसेच. मंद आचेवर तो खरोखर तांबूस व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. पाककृती लिहिणारे मात्र ‘५ ते ७ मिनिटे’ लिहून मोकळे होतात आणि दोष वाचणाऱ्याच्या हाताला लागतो. उंचीवरच्या गावी दर ३०० मीटरमागे उकळबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणून तिथे कडधान्ये शिजता शिजत नाहीत. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते: वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. अशा भांड्याचा पहिला नमुना फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये दाखवला होता.

चुलीवरच्या स्वयंपाकाची एक मोठी सोय म्हणजे चूक वाटेत सुधारता येते. चव बघावी, आच कमी करावी, पाणी वाढवावे. खारट रश्श्यात बटाटा घातला की तो मीठ ओढून घेतो, हा समज मात्र फोल आहे. बटाटा मीठ शोषतो, पण पाण्यासकट. उरलेला रस्सा जवळजवळ तेवढाच खारट राहतो. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचा ऐवज वाढवणे. आंबटपणाने खारटपणा थोडा झाकला जातो, एवढेच.

बेकिंगमध्ये ही मुभा नाही. ओव्हनचे दार बंद झाले की निकाल बहुतेक लागलेला असतो, म्हणून सगळी काळजी आधी. कपभर मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० ग्रॅमच्याही वर. केक कोरडा आणि घट्ट होण्यास एवढा फरक पुरतो. मापे सपाट करून घ्यावीत हा आग्रह अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या १८९६ मधल्या पाकपुस्तकाने रुजवला. वजनकाटा त्याहून विश्वासाचा. ओव्हनच्या बटणावरही डोळे मिटून विसंबू नये: खुणेवरचे आणि आतले तापमान यांत १०-२० अंशांची तफावत सहज असते.

खाण्याच्या सोड्याला वायू सोडण्यासाठी दही, ताक, लिंबू असे काही आंबट लागते. बेकिंग पावडरमध्ये ते आम्ल कोरड्या रूपात आधीच मिसळलेले असते. १८४३ मध्ये इंग्लंडात ॲल्फ्रेड बर्ड यांनी अशी पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. पावडर जास्त पडली तर केक भराभर फुगतो आणि आतली चौकट घट्ट होण्याआधीच खाली बसतो. घाईने दार उघडले तरी तेच. मैदा ओला झाल्यावर फार घोटला की ग्लुटेन, म्हणजे पिठातल्या प्रथिनांचे ताणले जाणारे जाळे, तयार होऊन केक चिवट होतो. पावाला मात्र तेच ग्लुटेन हवे असते, म्हणून पावाची कणीक भरपूर मळायची आणि केकचे मिश्रण जेमतेम एकत्र करायचे. गरम पाव कापण्याचा मोह आवरत नाही, पण आतला स्टार्च अजून स्थिरावत असल्याने काप चिकट निघतात. पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीझर चालतो.

उरलेल्या अन्नाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, ५ अंशांखाली किंवा ६० अंशांवर ठेवावे. भाताला तो कसोशीने लावावा. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही टिकतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्याने तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

मोबदला सावकाश मिळतो. काही वर्षांनी पाणी अंदाजाने घालता येते, करपण्याआधीचा वास ओळखू येतो, तीन उरलेल्या वस्तूंतून चौथी उभी राहते. मीठ, साखर, तेल किती हे खाणाऱ्याच्या हातात राहते. ज्याला एखादा पदार्थ सोसत नाही त्याच्यासाठी तर ही चैन नव्हे, गरज असते. पण रांधणाऱ्याला स्वतःच्या पदार्थाची गोडी बऱ्याचदा कमीच लागते. तासभर त्याच वासात उभे राहिल्याने नाक त्याला सरावते, आणि पुन्हा पुन्हा चाखल्याने जिभेला मीठही कमी वाटू लागते. म्हणून शेवटचे मीठ घालण्याआधी स्वयंपाकघरात नसलेल्या कोणाला तरी चव बघायला सांगावी.