दारू पिऊन वाहन चालवणे : गुन्हा व सिद्धता (कोकण किनारा)

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील गुन्हा. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्याला सर्रास ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणारा, किंवा चालवू पाहणारा, दोषी ठरतो. गाडी सरळ चालली होती, कोणाला खरचटलेही नाही, हा बचाव होत नाही. अमली पदार्थांचे वेगळे आहे : नशेमुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येत नव्हता, हे तिथे दाखवावे लागते. दारूला आकडा पुरतो. म्हणून खटल्यातली झटापटही आकड्याभोवतीच होते.

आकडा कोणत्या पेयातून आला, याच्याशी कायद्याला देणेघेणे नाही. ‘माडी म्हणजे काय दारू?’ हा सवाल नाक्यावर ठीक. माडी, फेणी, बिअर सगळे एकाच मापात मोजले जाते. कायदा केंद्राचा असल्याने गोव्याच्या सीमेवर बांद्याच्या अलीकडे आणि पत्रादेवीच्या पलीकडे मर्यादा तीच, दारू मात्र गोव्यात स्वस्त. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, असा निराळा आकडा येतो. तो दारू पिण्याच्या आरोपासाठी आहे, वाहन चालवण्यासाठी नाही. दोहोंची गल्लत होते.

नाकाबंदीत संशय आला की गणवेशातील पोलीस मशीनमध्ये (ब्रेथ अ‍ॅनालायझर) फुंकायला लावतात. श्वासातून रक्तातले प्रमाण काढताना साधारण २१०० : १ हे गुणोत्तर (रक्तातला मद्यार्क श्वासातल्याच्या २१०० पट) धरतात. नुकताच घोट घेतला असेल तर तोंडातली दारूच यंत्राला लागते, म्हणून पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेणे इष्ट. यंत्राचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) केव्हा झाले आणि निघालेल्या चिठ्ठीवर वेळ व सही आहे का, हे उलटतपासणीतले ठरलेले प्रश्न. फुंकायला किंवा रक्त द्यायला योग्य कारणाशिवाय नकार दिला, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो.

कलम १८५ खाली अटक केल्यास दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. खटला त्याने संपत नाही, पण कोकणात ही अट जड जाते. कशेडी किंवा भोस्ते घाटात रात्री पकडलेल्याला उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे, ड्युटीवरचा डॉक्टर गाठायचा, आणि तोवर शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम मद्यार्क जाळत असते. काठावरचा आरोपी वाटेतच मर्यादेखाली येऊ शकतो.

रक्त काढताना स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही. फिरवला तर बचावाच्या वकिलाचे अर्धे काम तिथेच झाले. बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात, नाहीतर दमट उकाड्यात नमुना आंबून त्यात नवा मद्यार्क तयार होऊ शकतो. मग लेबल, लाखेचे सील, रासायनिक विश्लेषकाकडे रवानगी. काढलेला नमुना आणि तपासलेला नमुना एकच, हे कागदावर सलग दिसले पाहिजे. कलम १८५ मध्ये पूर्वी फक्त ब्रेथ अ‍ॅनालायझरचा उल्लेख होता. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतील चाचणीही त्यात आली. अपघातात बेशुद्ध झालेला चालक फुंकणार कुठून, हा प्रश्न त्यामुळे सुटला.

डोळ्यांनी पाहिलेल्या नशेवर कोर्ट फारसे विसंबत नाही. बचुभाई हसनअल्ली कार्याणी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष मान्य केला नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणीच झालेली नव्हती.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे चालक नेमका कोण. कर्दे किंवा मुरुडच्या वाळूत रुतलेल्या जीपभोवती पाचजण उभे असतील, तर स्टिअरिंगवर कोण होता हे सांगणारा साक्षीदार हवा. गावातले पंच पंचनाम्यावर सही करतात. तारखेला मात्र येतीलच असे नाही.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. जागेवर तडजोड शुल्क भरून सुटता येत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जावे लागते. थर्टीफर्स्टला आलेल्या पर्यटकाला दापोली-मालवणच्या तारखा परवडत नाहीत, त्यामुळे गुन्हा कबूल करून मोकळे होण्याकडे कल असतो. माणूस दगावल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) किंवा १०५ (सदोष मनुष्यवध) लागू शकते. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये सातजण चिरडले गेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली होती. उच्च न्यायालयापर्यंत गेलेली रत्नागिरी व सिंधुदुर्गातील प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. रायगडची अजून मुंबईलाच.