सॉल्व्ह बटण दाबलं आणि फॅनच सुटला
बेळगावच्या टिळकवाडीतल्या भाच्यानं सुट्टीत कॉम्प्युटरवर पंधराचं कोडं बनवलं, चार बाय चारचा चौकोन, १५ आकडे, एक घर रिकामं, आकडे सरकवत ओळीत लावायचे. झकास झालं होतं. मग म्हटला, मामा, सॉल्व्ह बटण टाकतो, दाबलं की आपोआप सुटायला पाहिजे. टाकलं, दाबलं, आणि लॅपटॉपचा फॅन असा सुटला की वाटलं गिरणी चालू झाली, खरं उत्तर काय येईना.

तशी सोपी युक्ती आहे की, आकडे कसे विस्कटले ते लक्षात ठेवून उलटं चालवायचं. चालतं ते, खरं मला ती कॉपीच वाटते, दोनशे चाली विस्कटल्या तर दोनशे उलट्या, आणि उत्तर कदाचित चाळीसातच होतं!

खरंच सोडवायचं तर शोधावं लागतं, आणि सुटू शकणाऱ्या मांडण्याच आहेत साधारण साडेदहा लाख कोटी, सगळ्या बघत बसलं तर झालंच. म्हणून अंदाज लावतात, प्रत्येक आकडा आपल्या घरापासून किती घरं लांब आहे ते मोजून बेरीज करायची, तिरकं जायचं नाही, गल्लीबोळातनं चालल्यासारखं. याला मॅनहॅटन डिस्टन्स म्हणतात. बेरजेपेक्षा कमी चालीत कोडं सुटूच शकत नाही. मग चालींची एक मर्यादा धरायची, झालेल्या चाली अधिक ही बेरीज तिच्यावर गेली की तिथूनच मागं फिरायचं, रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं दिसलं की आपण गाडी वळवतो तसंच. कुठंच जमलं नाही तर मर्यादा वाढवून पहिल्यापासून सुरू. येडेपणा वाटतो, खरं चालू वाट तेवढीच लक्षात ठेवायची असल्यानं मेमरी भरत नाही. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ रिचर्ड कॉर्फ यांनी 1985 मध्ये असंच करून या कोड्याची सगळ्यात कमी चालींची उत्तरं काढली. कितीबी अवघड मांडणी असू दे, ८० चालींत सुटतेच.

सुटणारी असली तर! भाच्याचा घोळ इथंच होता, त्यानं आकडे कसेबी टाकले होते आणि तसं केलं की निम्म्या मांडण्या कधीच सुटत नाहीत. नुसते १४ आणि १५ उलटे असलेलं कोडं सोडवणाऱ्याला अमेरिकेत कोडी बनवणाऱ्या सॅम लॉईडनं 1000 डॉलर लावले होते, आणि ते सुटत नाही हे गणितवाल्यांनी 1879 मध्येच दाखवलं होतं, त्यामुळं पैसे सेफ.

ओळखायचं कसं, तर रिकामं घर शेवटच्या कोपऱ्यात ठेवून ओळीनं वाचत जायचं आणि मोठा आकडा लहानाच्या आधी आलाय अशा जोड्या मोजायच्या. सम आल्या तर सुटतं, विषम तर नाही. आता भाच्याचा गेम आधी हे मोजतो, विषम निघालं की कुठलेबी दोन आकडे अदलाबदल करतो, तेवढ्यानं सम होतं, आणि मगच कोडं स्क्रीनवर येतं.