मशीनला आपला राग कळतो का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीवालीचं बोलणं एकदा नीट ऐका. आवाज टिपेला, कपाळावर आठ्या, "जाय जाल्यार व्हर, ना जाल्यार दवर" (हवं तर ने, नाहीतर ठेव) असं तोडून बोलणं, आणि पैसे दिले की तीच बाई न मागता पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकते. हे रेकॉर्डिंग भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं तर ते बहुतेक 'राग' असंच सांगेल, कारण त्याला बांगडे दिसत नाहीत, ते फक्त आवाज किती चढला, किती जोरात आणि किती भरभर बोलली, मध्ये कुठे थांबली एवढंच मोजतं.

चेहऱ्याचंही तसंच. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना नंबर दिले, म्हणजे ४ नंबर भुवया खाली येणं, १२ नंबर ओठांचे कोपरे वर ओढले जाणं. कॅमेऱ्याला हे नंबर बऱ्यापैकी पकडता येतात, पण ४ नंबर दिसला म्हणून माणूस रागावलाय हे कोणी ठरवलं? मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हजाराहून जास्त अभ्यास तपासले, तर रागावलेली माणसं आठ्या घालतात ती साधारण ३० टक्के वेळाच! बाकी वेळा राग चेहऱ्यावर दुसऱ्याच रूपात येतो, आणि गणित सोडवणारं पोरसुद्धा आठ्या घालतंच की. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने चेहऱ्यावरून भावना सांगणारी सोय बंद करायचं जाहीर केलं, मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो.

मशीन शिकतं कशावरून हेही बघायला हवं. या क्षेत्रात खूप वापरला जाणारा एक डेटा अमेरिकेतल्या १० नट-नट्यांच्या रेकॉर्डिंगचा आहे, सुमारे १२ तासांचा, इंग्रजीतला. आता आमच्याकडे जत्रेच्या नाटकात रडणारा बाप आणि खरोखर रडणारा बाप यातला फरक पहिल्या रांगेत बसलेल्या पोरालाही कळतो, मग नटांवर शिकलेल्या मशीनकडून कोकणी-मराठी मिसळून बोलणाऱ्या आजीची घालमेल ओळखायची अपेक्षा कशी ठेवायची.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या रोझालिंड पिकार्ड यांनी १९९७च्या पुस्तकात मशीनला भावनांची जाण असायला हवी ही कल्पना सविस्तर मांडली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६६मध्ये, तिथल्याच जोसेफ वायझेनबॉम यांच्या 'एलायझा' या टाइप करून गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमने माणसांना गुंतवलं होतं. तो बहुतेक वेळा समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, तरी वायझेनबॉम यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का. आपलं कोणीतरी ऐकून घेतंय ही भूक एवढी मोठी असते.

आजचे चॅटबॉट तर फारच पुढे गेलेत. २०२३मध्ये लोकांनी विचारलेल्या आरोग्याच्या १९५ प्रश्नांवर डॉक्टरांची आणि चॅटबॉटची उत्तरं तज्ज्ञांना नावं न सांगता दाखवली, तर जवळपास ७९ टक्के वेळा त्यांना चॅटबॉटचं उत्तर जास्त आवडलं, आणि आपुलकीतही चॅटबॉटच पुढे. अर्थात डॉक्टरांची उत्तरं आखूड होती, वेळ कुठे असतो त्यांना. पण या बॉटना शिकवताना माणसांना कुठलं उत्तर आवडलं ते बघितलं जातं, त्यामुळे ते हळूहळू हो ला हो करायला लागतात. एप्रिल २०२५मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला याच कारणावरून एक अपडेट मागे घ्यावं लागलं. दुःखात असलेल्याला नुसतं 'तुझंच बरोबर' म्हणणं ही माया नव्हे.

तरी मला या तंत्रज्ञानाकडून आशा आहे. गोव्यात किती घरांत आई-बाप दोघंच राहतात, मुलं बोटीवर नाहीतर आखातात नाहीतर इंग्लंडला. अशा घरात जगभराच्या सरासरीशी तुलना न करता त्या एकाच माणसाचा कालचा आवाज आणि आजचा आवाज ताडून बघणारं, बोलणं मंदावलं, झोप बिघडली तर मुलीला कळवणारं मशीन खरोखर उपयोगी पडेल. जपानचा 'पारो' हा सीलच्या पिल्लासारखा रोबो स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत करायला वापरतात, तो तर एक शब्दही बोलत नाही.

पण भावना ओळखणारा कॅमेरा हॉटेलच्या रिसेप्शनवर बसवून तिथल्या मुलीचं हसू मोजायचं, त्यावर पगारवाढ ठरवायची, याला माझा ठाम विरोध आहे. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२५पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली, सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी. आपल्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आहे, पण अशी वेगळी बंदी त्यात नाही, आणि नोकरी देणाऱ्याने कागद पुढे सरकवला तर सही न करायची हिंमत सीझनवर पोट असलेल्या पोरीने कुठून आणायची? हॉटेल धंद्यावर एवढी घरं चालणाऱ्या गोव्यातून तरी अशा बंदीची मागणी आता व्हायला हवी.