हातावरचा व्हायोला, पायांतला गांबा

जर्मन संगीतकार बाखच्या सहाव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत, म्हणजे वाद्यांच्या समूहासाठीच्या रचनेत, एकही व्हायोलिन नाही. दोन व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य), दोन व्हायोला दा गांबा (पायांत धरून गजाने वाजवायचं वाद्य), सेलो, व्हिओलोने (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य), एवढीच मंडळी. नावामुळे गांबा हा व्हायोलाचाच थोरला भाऊ वाटतो; प्रत्यक्षात ती दोन वेगळी घराणी आहेत. १७२१मध्ये बाखने अर्पण केलेल्या हस्तलिखितात व्हायोलाला ‘दा ब्राच्चो’ म्हटलंय, म्हणजे हातावरचा. ‘गांबा’ म्हणजे पाय.

जुन्या पद्धतीचं वादन करू पाहणाऱ्या व्हायोलावादकाने आधी बरोक व्हायोलाच (बाखच्या काळातल्या धाटणीचा) घ्यावा. तारा चारच (सा, प, रे, ध, पांढऱ्या एकमध्ये), पंचमाच्या अंतराने, बोटं ओळखीची. फरक सगळा जोडणीत. तारा आतड्याच्या तातीच्या, खालच्या दोन बहुधा धातू गुंडाळलेल्या. हनुवटीची पट्टी नाही, त्यामुळे वरच्या जागेवरून खाली उतरताना वाद्य निसटतं. अंगठा आधी मागे न्यावा, मग बोटं. जुळवणीचा ‘ए’ स्वर बहुधा ४१५ हर्ट्झला, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली. दमट हवेत तात सतत उतरते-चढते, आणि वरची सर्वांत लवकर तुटते. तिचे धागे सुटू लागले तर ओढू नयेत, नेलकटरने तारेलगत कापावेत. ओढला की धागा तारेच्या लांबीभर सोलत जातो.

गांबाची गोष्टच निराळी. बास गांबाला सहा तारा, फ्रेंच वाद्याला बऱ्याचदा सातवी. अंतर चौथ्या स्वराचं, पण मधल्या दोन तारांत फक्त तिसऱ्याचं. व्हायोलावादक हमखास चुकतो तो इथेच. आल्टो क्लेफ (स्वरलिपीतली स्वरांची जागा ठरवणारी खूण) तर दोन्ही वाद्यांना लागते, म्हणून डोळा ओळखीचा स्वर वाचतो आणि बोट व्हायोलाच्या सवयीने भलतीकडे पडतं. मानेवर तातीचे पडदे गाठ मारून बांधलेले असतात, सतारीसारखे सरकवताही येतात. बोट पडद्याला खेटून, पण खुंट्यांच्या बाजूने ठेवायचं. थेट पडद्यावर ठेवलं तर आवाज दबतो, फार मागे ठेवलं तर तार खरखरते.

गज सारंगीसारखा तळवा वर करून धरतात, मधलं बोट केसांवर. जोरकस मात्रेला व्हायोलावादक मुठीकडून टोकाकडे ओढतो, गांबावादक टोकाकडून मुठीकडे ढकलतो. ही सवय मोडायला स्वरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

कामाचं म्हणाल तर बरोक वाद्यवृंदाला व्हायोला नेहमी लागतो. गांबाला बोलावणं येतं ते निवडक ठिकाणी: बाखच्या दोन्ही पॅशनमधले (येशूच्या यातनांवरच्या गायन-रचनांमधले) एकेक-दोन एकल भाग, फ्रेंच गांबावादक-संगीतकार मारें मारेचं संगीत, गांबांचे छोटे संच. त्या सहाव्या कॉन्चेर्टोतही धावपळ व्हायोलांची आहे. मधल्या संथ भागात गांबा चक्क गप्प बसतात.