सातबारा एकीकडे, कारभार दुसरीकडे

कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या डेने या आदिवासी लोकांबद्दल वाचताना 'जमिनीचा करार झाला' आणि 'स्वशासन मिळालं' ही दोन्ही एकच गोष्ट समजली जाते. पण सातबारा नावावर झाला म्हणून गावचा कारभार हाती येत नाही.

ग्रेट बेअर सरोवराभोवतीच्या साह्तू मुलखाचंच घ्या. १९२० साली नॉर्मन वेल्सला तेल लागलं आणि पुढच्याच वर्षी सरकार 'करार क्रमांक ११' घेऊन हजर झालं. तोवर एवढ्या उत्तरेला करार करायची सरकारला काहीच घाई नव्हती! कागदात लिहिलं होतं की डेनेंनी जमीन सोडून दिली. डेने वडीलधारे मात्र सांगत आले की बोलणं झालं ते सलोख्याचं आणि शिकार-मासेमारीच्या मोकळिकीचं. १९७३ मध्ये न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी त्यांच्या साक्षी ऐकल्या आणि जमीन खरोखर सोडली गेली होती का, यावर शंका घेतली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल जमिनीवर हक्काची नोंद करता येते का, या तांत्रिक मुद्द्यावर फिरवला. हक्काचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

मधल्या काळात, १९७५ मध्ये, फोर्ट सिम्प्सनला जमलेल्या डेनेंनी जाहीरनामा काढला: आम्ही एक राष्ट्र आहोत, कॅनडात राहूनच आम्हाला स्वयंनिर्णय हवा. मागणी राष्ट्राची होती, उत्तर मात्र चौरस किलोमीटरमध्ये आलं. १९९३ च्या करारात साह्तू डेने आणि मेटिस (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे लोक) यांना ४१,४३७ चौ.कि.मी. जमीन मिळाली, पण जमिनीखालच्या खनिजांची मालकी त्यातल्या फक्त १,८१३ चौ.कि.मी.वर. शिवाय मॅकेंझी खोऱ्यात सरकारला मिळणाऱ्या रॉयल्टीतला थोडासा वाटा: पहिल्या २० लाख डॉलरवर ७.५ टक्के, त्यापुढे १.५ टक्के. शाळा, भाषा, दत्तकविधान यांबाबत कायदे करायचा अधिकार? त्यासाठी या करारात फक्त पुढे वाटाघाटी करण्याचं आश्वासन होतं. सरोवराकाठच्या डेलिने गावाने त्या वाटाघाटी नेटाने चालवल्या आणि तिथलं स्वतःचं सरकार २०१६ मध्ये सुरू झालं. जमीन मिळाल्यापासून दोन दशकांहून अधिक काळाने.

शेजारच्या ट्लिचो डेनेंनी दोन्ही गोष्टी एकाच करारात बसवल्या. २००५ पासून त्यांच्याकडे सुमारे ३९,००० चौ.कि.मी.चा सलग पट्टा आहे, खालच्या खनिजांसकट, आणि त्यावर कायदे करणारं त्यांचं स्वतःचं सरकारही. माझ्या मते 'करार झाला' ही बातमी वाचताना आधी विचारावं ते हेच: खनिजं कुणाची, आणि कायदा कोण करणार?

हा फरक कंपनी दारात आली की कळतो. साह्तूंच्या जमिनीवर यायचं तर तिला त्यांच्या जमीन संस्थेशी अटी ठरवाव्या लागतात. परवाना मात्र वेगळ्या मंडळाकडून मिळतो. त्यात साह्तूंनी सुचवलेले सदस्य असतात, तसे सरकारचेही. आणि जिथे १९७५ चा जाहीरनामा निघाला त्या देहचो भागात अजून अंतिम करारच झालेला नाही.