पांढरे ठिपके (खाऱ्या पाण्याच्या टाकीतील रोग)

पांढरे ठिपके हा खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत माशांना होणारा परजीवी रोग. हौशी मंडळींत तो 'मरीन इच' म्हणून ओळखला जातो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हा एकपेशीय जीव त्याला कारण. गोड्या पाण्यातला इच दिसायला असाच, पण त्याचा परजीवी वेगळा. तिथला 'मूठभर मीठ टाका' हा सल्ला समुद्राच्या पाण्यात अर्थातच हास्यास्पद ठरतो.

परजीवी माशाच्या कातडीत व कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोसतो. मग गळून वाळूवर किंवा खडकावर कवच धरतो आणि आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते मरते. नवख्याची फसगत इथेच होते. अंगावरचे ठिपके गेले की मासा बरा झाला असे वाटते, पण ते फक्त वाळूत उतरलेले असतात. आठवडा-दोन आठवड्यांत दुप्पट होऊन परततात. टँग (सर्जनफिश) जातीच्या माशांना हा रोग चटकन धरतो.

औषधांत तांबे (कॉपर) सर्वांत जुने. मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. कमी पडले तर परजीवी तगतो, जास्त झाले तर मासा दगावतो. मात्र तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाईंना विष आहे, शिवाय खडक व वाळू ते शोषून घेतात. म्हणून मुख्य टाकीत औषध टाकायचेच नाही. सगळे मासे वेगळ्या, तळाला वाळू-खडक नसलेल्या टाकीत हलवायचे. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. मुख्य टाकी माशांविना रिकामी ठेवायची. प्रयोगशाळेत एक कवच ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, त्यावरूनच ७६ दिवसांचा दंडक पडला. घरच्यांना रिकामी टाकी बघवत नाही आणि अडीच महिन्यांच्या आत कोणीतरी एक क्लाऊनफिश आणून सोडतो. मग मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

'रीफ' (जिवंत प्रवाळांची टाकी) हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा. खडक रचणारी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. पण कायदा पाळून फक्त खडक, कोळंबी व गोगलगाई ठेवलेल्या टाकीलाही तांब्याचा नियम तोच.

बेळगावसारख्या घाटावरच्या गावात खारे पाणी आणायचे कुठून हाच प्रश्न, कारण समुद्र घाटाखाली. चोर्ला घाटाने गोव्याहून कॅनमध्ये पाणी आणता येते, पण पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्याचे पाणी गढूळ व कमी खारट होते. शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी मिळते. ते आरओमधून काढून त्यात सागरी मीठ मिसळणे अधिक खात्रीचे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने तपासावा. तो हळूहळू हजारी ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून १५ च्या आसपास उतरवून तीन-चार आठवडे राखणे हाही इचवर उपाय आहे, फक्त तो उपचाराच्या टाकीतच. कोळंबीला तो सोसत नाही.

औषधाशिवायचा मार्ग टब बदलण्याचा. दर तीन दिवसांनी मासा वाळवलेल्या टबात, नव्या पाण्यात, असे चार वेळा. गळालेला परजीवी जुन्या टबात मागे राहतो. जुना टब धुऊन पुरता वाळवला तरच पुढच्या फेरीला वापरता येतो, आणि खानापूर भागात आषाढात तीन दिवसांत काहीच वाळत नाही. अशा वेळी पुरेसे टब हाताशी हवेत, नाहीतर ब्लीचने धुऊन, खळबळून, पंख्याखाली सुकवावे.

पावसात वीज गेली की धोका दुणावतो. कल्ल्यांना परजीवी झोंबलेल्या माशाला आधीच श्वास पुरत नाही. पंप थांबला तर निरोगी मासा तास-दोन तास काढेल, हा काढणार नाही. बॅटरीवरचा एअर पंप उपचाराच्या टाकीजवळ तयार ठेवावा. ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी धूळ दिसली, मासा धापा टाकू लागला, तर तो इच नव्हे, 'व्हेल्वेट' (अ‍ॅमिलूडिनियम) समजावा. त्यावर खारटपणा उतरवणे चालत नाही, तांबे चालते. वेळ मात्र आठवड्यांची नसून दिवसांची असते.